शंभरातले एकशेतीन

ऐक, पिंके, नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाई, न्हाईतर मी कुठवर आले तेच इसरते. तू पूर्णेला राहायला गेलीस अन् इकडं शाळेत लय काय काय होऊन गेलं, पण ते सगळं सोड. हे ऐक.

परभणीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन. एका मोठ्या शाळेचा हॉल, टेबलाला टेबल लावून साठ-पासष्ट टेबलं, अन् एक्केचाळीस नंबरच्या टेबलामागं निकिता उभी. निकिताला तू बघितलं न्हाईस, तू गेल्यावर आली ती. नववीत हाय, पोखर्णीच्या अलीकडच्या वस्तीवरून येती. तिचे वडील, बन्सीधरमामा, परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल हायेत. तिच्या बाजूला सुगत, तिचा जोडीदार. त्यानं आकडेमोड करायची, तक्ता रंगवायचा, अन् हिनं बोलायचं, असं ठरलेलं. तालुक्याला ह्यांचा पैला नंबर आला होता. आता जिल्ह्याला मोठ्या गटातून एकच प्रयोग राज्याला जाणार. एकच. दुसऱ्याला ढाल, तिसऱ्याला प्रमाणपत्राचा कागद, अन् पैल्याला राज्य. आपल्या शाळेतून आजवर जिल्ह्याच्या पुढं कोणी गेलंच न्हाई. गावातून निघताना दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मालूम, की पोरं राज्याला चालली. अजून जिल्ह्याचं बी झालं नव्हतं, तरी!

प्रयोग काय, तर ‘पोतं आदळलं की बी मरतं का?’

हे कसं सुचलं माहितीये? निकिता मोंढ्यात डबा द्यायला गेली होती. ट्रकमधून पोते उतरायलेत, धाड धाड खाली पडायलेत, अन् एक शेतकरी वरडायलाय, "आरं हळू, बियाण्याचं हाय ते!" तर बन्सीधरमामा म्हणले, "बी हाय पाटील, बरणी न्हाई, फुटायला." सगळे हमाल हसले. निकिता न्हाई हसली. तिच्या डोक्यात ते घुसलं ते घुसलंच. सोयाबीनची साल लय नाजूक असती म्हणतेत. मग आदळल्यावर आत काय होत असंल?

विज्ञानाच्या भागवत सरांना विचारलं, तर सर म्हणले, "मला कशाला विचारतीस? सोयाबीनलाच विचार की." म्हणजे प्रयोग कर.

मग एकाच ढिगातल्या सोयाबीनचे चार पोते भरले. एक आदळलंच न्हाई. दुसरं एकदा आदळलं, तिसरं तीनदा, चौथं पाचदा. आदळलं कोणी? बन्सीधरमामानंच, डोक्याच्या उंचीवरून. अन् म्हणायलेत कसे, "जन्मभर आदळू नको म्हणून लोकायनं शिव्या घातल्या, अन् आज मही पोरगी म्हणायली, बापू, अजून जोरात!"

मग हरेक पोत्यातलं शंभर-शंभर बी मोजायचं, ओल्या गोणपाटात वळीनं मांडायचं, गुंडाळी करायची, आठव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. शंभरातले जितके उगवले, तितके टक्के. एका पोत्याच्या चार गुंडाळ्या, म्हणजे एकूण सोळा. सोळाशे दाणे, पिंके! मोजता मोजता डोळे फिरतेत. म्हणून पैल्या दोन पोत्यांच्या आठ गुंडाळ्या कस्तुराबाईनं मोजून दिल्या, अन् बाकीच्या आठ ह्या दोघांनी मोजल्या.

कस्तुराबाई म्हणजे निकिताच्या वस्तीवरची बाई. पेरणीच्या आधी अख्खी वस्ती तिच्याकडं बी घेऊन जाती. ती गोणपाटात गुंडाळती, आठव्या दिवशी उघडती, एक नजर टाकती अन् सांगती, "पेर." न्हाईतर, "नको पेरू, कोंबड्याला टाक." बस. तिचा शब्द कधी खाली गेला न्हाई. तिच्यापेक्षा चांगला हात कुठं मिळणार?

आकडे तर असे आले की सर उड्याच मारायचे राहिले. न आदळलेलं अठ्ठ्याण्णव टक्के, एकदा आदळलेलं ब्याण्णव, तीनदा ब्याऐंशी, पाचदा एकाहत्तर. सुगतनं तक्त्यावर चार रंगाचे चार खांब काढले. जिना उतरल्यासारखे. लांबून बी कळायचं.

तर त्या दिवशी अकराला तपासणी सुरू झाली. शिक्षकांना दोरीच्या पलीकडं उभं केलं, टेबलाजवळ फक्त पोरं. मोबाईल कोणाकडं न्हाई, ज्यांच्या प्रयोगातच मोबाईल हाय त्यांच्याकडं तेवढा. दोन परीक्षक, एक मॅडम अन् एक सर, एक नंबरपासून निघालेले. मॅडमचं नाव सगळ्या पोरांनी ‘नोंदवही मॅडम’ ठेवलेलं, कारण टेबलाजवळ आल्या की नमस्कार बी घ्यायच्या न्हाईत, पैले म्हणायच्या, "नोंदवही."

परीक्षक एकतीस नंबरला होते तवा हे झालं.

शेजारच्या बेचाळीस नंबरला मंजुषा. परभणीतल्याच शाळेची, पांढरा कोट घातलेली, कोटावर नावाची पट्टी. तिचा प्रयोग मोबाईलच्या कॅमेऱ्यानं पानाचा रंग बघून पिकाला काय कमी पडलंय ते सांगायचा. सकाळपासून ती निकिताशी धड बोलली बी नव्हती. पण उभं राहून राहून कंटाळली अन् सहज ह्यांची नोंदवही चाळायला लागली.

"ए, हे काय गं? चार उभ्या आणि एक आडवी, म्हणजे पाच ना?"

"हा. पाच कोंब मोजले की एक जुडी," निकिता म्हणली.

मंजुषा बोट ठेवून मोजायली. मग थांबली. परत पैल्यापासून मोजलं.

"ह्या पहिल्या गुंडाळीत दाणे किती ठेवले होते?"

"शंभर."

"मग उगवले एकशेतीन कसे?"

निकिताला वाटलं ही मस्करी करायली. तिनं वही ओढून घेतली. वीस जुड्या. अन् बाजूला तीन सुट्या रेघा. परत मोजलं. वीस अन् तीन. शंभरातले एकशेतीन.

पिंके, तिनं सुगतची बाही ओढली.

"सुगत," ती हळूच म्हणली, "हे बघ."

सुगतनं बघितलं अन् त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"तू आकडे काढले ना? तुला दिसलं न्हाई?"

"मी एकेक गुंडाळी कुठं मोजली! चारीच्या जुड्या एकदम मोजल्या. सत्त्याहत्तर जुड्या अन् सात रेघा, तीनशे ब्याण्णव. भागिले चार, अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव बघून मीच खूश झालो की. अन् रेघा कोणी ओढल्या? तू!"

"मी कोंब मोजू का बेरीज करू?"

"अस्सं. म्हणजे आता महं चुकलं."

तिकडं परीक्षक तेहतीसला. एका टेबलाला तीन-चार मिनिटं. तू हिशोब कर, कितीसा वेळ राहिला.

"पान फाड," सुगत म्हणला.

"पानाला नंबर हायेत. अन् हरेक पानावर भागवत सरांची सही."

"मग एक जुडी खोड. एकशेतीनचे अठ्ठ्याण्णव होतेत. पाच रेघा, निके, फक्त पाच. म्हणायचं मोजताना चुकून ज्यादा ओढली होती."

"अन् तक्त्यावरचे अठ्ठ्याण्णव? ते मग सत्त्याण्णव होतंय की न्हाई?"

"एक-सव्वा टक्का इकडं-तिकडं, कोण बघायलंय! त्या मॅडम सरासरी काढत बसणार का इथं?"

दोरीच्या पलीकडून भागवत सर ह्यांच्याकडंच बघायलेले. निकितानं मान हलवून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. सरांना वाटलं पोरगी घाबरली. त्यांनी दोन्ही अंगठे वर केले अन् मोठ्ठं हसले. म्हणजे लय भारी चाललंय, चालू दे!

निकितानं पेन उचललं. टोपण काढलं. मंजुषानं तोंड दुसरीकडं फिरवलं अन् म्हणली, "मी काही बघितलं नाही हं."

अन् पेन कागदाला टेकायच्या आधी निकिताला वाटलं, थांब. रेघ मी चुकून ज्यादा ओढली का? न्हाई. तिला चांगलं आठवायलं. पैलीच गुंडाळी, सगळ्यात आधी उघडली ती. दोनदा मोजून रेघा ओढलेल्या. कोंब खरेच एकशेतीन होते. मग खोटं काय? एकशेतीन खोटं न्हाई. शंभर खोटं हाय.

"एका दाण्याला दोन कोंब फुटतेत का रे?" तिनं विचारलं.

"हा, जुळे! बाळंतपणाचा दाखला बी जोड वहीला." सुगतचा आवाज रडका झालेला, तरी टोमणा सुटंना.

"मग दाणेच शंभरापेक्षा जास्ती होते. ही गुंडाळी कोणी मोजली?"

दोघं एकमेकांकडं बघायले. कस्तुराबाई.

आता हे तुला मालूम असंल. आपल्याकडं धान्य मापताना जुनी माणसं पैल्या मापाला ‘एक’ म्हणत न्हाईत, ‘लाभ’ म्हणतेत. लाभ, दोन, तीन, चार. कस्तुराबाई बी दाणे मोजताना लाभच म्हणायची. अन् ती एकेक दाणा मोजत न्हाई. पाच-पाच दाणे एकदम उचलती, त्याला ‘हात’ म्हणती. वीस हात झाले की शंभर. त्या दिवशी निकिता बाजूलाच बसून आपल्या गुंडाळीचं मोजायली होती, कानावर ‘लाभ’ पडत होतं, पण तिनं ध्यान दिलं न्हाई. लाभ म्हणजे एकच ना!

"लाभ म्हणजे एक न्हाई," निकिता म्हणली. "लाभ म्हणली, अन् मग परत एकपासून मोजलं असंल तर? लाभ, एक, दोन... वीस. म्हणजे एकवीस हात."

"एकशेपाच," सुगत म्हणला.

परीक्षक पस्तीसला.

"तिला विचारायला पायजे."

"कशानं? कबुतरानं?"

निकितानं मंजुषाकडं बघितलं. मंजुषाच्या टेबलावर मोबाईल, स्टँडला लावलेला. आता बघ, ती बी त्याच गटात. तिला बी राज्याला जायचं होतं. अन् टेबलावरचा मोबाईल प्रयोगासाठीच, फोन लावताना कोणी बघितलं तर तिचाच नंबर कापला असता.

"एकच फोन, ताई," निकिता म्हणली. मंजुषा एक वर्षानं मोठी, म्हणून ताई.

मंजुषानं परीक्षकांकडं बघितलं. मग खाली वाकून बॅगेत काहीतरी शोधल्यासारखं केलं अन् मोबाईल टेबलाखाली सरकवला. "दोन मिनिटं. आणि ओरडायचं नाही."

कस्तुराबाईकडं फोन न्हाई. पण तिच्या लेकाची, रामभाऊची, पिठाची गिरणी हाय, अन् गिरणीच्या भिंतीवर ह्ये एवढा मोठा नंबर रंगवलेला. निकिता रोज त्याच भिंतीवरून शाळेत जाती. टेबलाखाली उकिडवी बसून तिनं नंबर लावला.

"हॅलो! दळण उद्याच मिळंल, लाईट न्हाई सकाळधरनं!"

"रामभाऊ, मी निकिता, बन्सीधरची. मावशीला द्या. लवकर."

"आगं, तू परभणीला न्हवंस का? आला का नंबर?"

"मावशीला द्या ना!"

मग नुसता आवाज. चपला, कोंबड्या, कोणीतरी लांबून ‘कोण हाय?’ म्हणायलंय. वर टेबलाजवळ सुगत बोटं दाखवायलाय, सदतीस, सदतीस.

"बोल माय." कस्तुराबाई आली.

"मावशी, शाळेसाठी सोयाबीन मोजलं होतं ना तुमी. आठ गुंडाळ्या. तवा लाभ आत धरला का बाहेर सोडला?"

"आता गं माय. हे विचारायला फोन केलास?"

"सांगा ना, लय निकडीचं हाय."

"दुसऱ्याचं बी मोजलं की लाभ बाहेर. तो हात भुईचा. तो मोजायचा न्हाई, मग एकपासून वीस. घरचं मोजलं की लाभ आत. घरच्याला कशाला वरचं द्यायचं?"

"मग आमचं काय धरलं? घरचं का दुसऱ्याचं?"

निकितानं मोबाईल कानाला अजून घट्ट लावला.

"तू मला काय परकी हायस का गं?" कस्तुराबाई म्हणली. आवाजात राग.

"न्हाई हो मावशी, तसं न्हाई. पैली गुंडाळी आठवा. एकशेतीन कोंब आलेत तिला."

"मग पैलं दुसऱ्याचं धरलं असंल. तूच म्हणलीस ना, शाळेचं हाय. शाळेचं म्हणजे दुसऱ्याचंच की. मग तू च्या करून आणलास, महे पाय दाबून दिलेस, तुह्या मायच्या आठवणी काढल्यास. तवा महं मन म्हणलं, हिचं काय दुसऱ्याचं! तिथून पुढं घरचं धरलं."

"च्या कितव्या गुंडाळीला आणला मी, मावशी?"

"ते मला काय ठाव? आणला तू, पिली मी!"

वरून मंजुषाचा पाय निकिताच्या पायाला लागला. दोन मिनिटं कवाच होऊन गेलेली. निकितानं फोन बंद केला अन् उठली.

"कितव्या गुंडाळीला चहा आणला मी?" तिनं सुगतला विचारलं.

"मी तवा पाचदा आदळलेल्याचं मोजायलो होतो, मान खाली. दुसरी असंल. का पाचवी? निके, मला न्हाई आठवत."

तिला बी न्हाई आठवत. चहा आठवतो, कान तुटलेला कप आठवतो, मावशीचं फुर्र करून पिणं आठवतं, पण कितवी गुंडाळी ते न्हाई. म्हणजे पैलीत एकशेपाच हे नक्की. बाकीच्या सात गुंडाळ्यांत शंभर का एकशेपाच, देव जाणे.

परीक्षक चाळीसला. चाळीस म्हणजे शेजारीच. आवाज ऐकू यायला. तिथल्या पोराला मॅडम विचारायल्या, "हे मोजमाप तू स्वतः केलंस, की कुणी करून दिलं?"

"ऐक," सुगत तिच्या कानात म्हणला, "सगळ्याच आठ गुंडाळ्यांत एकशेपाच होते म्हण. एकशेपाचनं भागलं तर त्र्याण्णव येतंय, दुसऱ्याचं सत्त्याऐंशी. तरी बी जिना उतरतोच. ब्याऐंशी, एकाहत्तर खालीच हायेत. प्रयोग खरा हाय, निके. आदळलं की बी मरतं, हे खरंच हाय ना?"

"हाय."

"मग झालं तर."

"नोंदवही," मॅडम म्हणल्या.

समोर उभ्या. चष्मा नाकावर, हातात पाटीला लावलेला कागद, मागं दुसरे सर. निकितानं वही दिली अन् पाठ केलेलं भाषण सुरू केलं. नमस्कार, आमच्या प्रयोगाचं नाव, मोंढा, पोतं, बापू. मॅडम ऐकत होत्या पण नजर वहीत. एक पान उलटलं. दुसरं. पैल्या गुंडाळीचं पान आलं. बोट जुड्यांवरून सरकायलं.

निकिताचं भाषण मधीच बंद पडलं.

"मॅडम, तिथं एकशेतीन हायेत," तीच म्हणली.

सुगतनं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी मान वर केली. "मी तिथंच आले होते. शंभरातले एकशेतीन?"

मग निकितानं सगळं सांगितलं. पटापट, एका दमात. लाभ, हात, घरचं, दुसऱ्याचं, चहा. मागचे सर हसायलेच. "म्हणजे चहामुळं टक्केवारी घसरली!" मॅडम हसल्या न्हाईत.

"न उगवलेले दाणे मोजले होते का? उगवलेले आणि न उगवलेले मिळून एकशेपाच का शंभर, तेवढ्यानंच कळलं असतं."

"न्हाई, मॅडम."

"का?"

"उगवले तेवढेच पाहिजे होते ना. बाकीचे कोंबड्यांना टाकले."

मॅडमनी मोठा श्वास सोडला. पेनानं कागदावर टक टक केलं. मग तक्त्याजवळ गेल्या, चारी खांबांकडं बघितलं, बोटांवर काहीतरी हिशोब केला अन् परत आल्या.

"हे बघ बाळ. प्रश्न तुझा चांगला आहे, पोती आदळायची पद्धत चांगली आहे. आज मी पाहिलेल्या चाळीस टेबलांत असा स्वतःचा प्रश्न फार थोड्यांचा आहे. आठही गुंडाळ्यांत एकशेपाच दाणे होते असं धरलं, तर त्र्याण्णव आणि सत्त्याऐंशी येतात. तुझा निष्कर्ष टिकतो. मी इथं शेरा लिहीन, दाण्यांची संख्या एकशेपाच, दुरुस्त. पुढं जायला अडचण नाही." त्या थांबल्या. "पण मला तुझ्या तोंडून हवं. आठही गुंडाळ्यांत एकशेपाचच होते, याची तुला खात्री आहे? हो की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालीस तर ती दोन पोती बाद. आणि न आदळलेलं पोतंच बाद झालं, तर तुलना कशाशी करणार?"

पिंके, बघ आता. काही सांगायची गरजच नव्हती. दोन अक्षरं पण न्हाईत, एक अक्षर. हो. सुगत तिच्याकडं बघायलाय, त्याचे ओठ हलायलेत, आवाज न करता, हो म्हण, हो म्हण. दोरीपलीकडं सर हात जोडून उभे. मंजुषा आपल्या मोबाईलच्या स्टँडचा स्क्रू उगाच पिळायली. अन् निकिता म्हणती, मला तवा खरंच वाटायलं की एकशेपाचच असतील. म्हणजे असू बी शकत होते ना! मावशीला तरी कुठं नक्की आठवत होतं?

"सांग," मॅडम म्हणल्या.

"पैलीत नक्की," निकिता म्हणली. "बाकी सातची खात्री न्हाई, मॅडम."

"विचार करून सांगतेस ना?"

"हो."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. लय वेळ लिहिलं. मग वही मिटून निकिताच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, अन् बेचाळीसला गेल्या. "नोंदवही."

चार वाजता निकाल. पैला नंबर सतरा नंबरच्या टेबलाचा, कोणत्या तरी पाण्याच्या यंत्राला. मंजुषा दुसरी. निकिता अन् सुगतला उत्तेजनार्थ. म्हणजे कागद. भागवत सरांनी बसस्टँडला दोघांना वडापाव घेऊन दिला अन् म्हणले, "खा." सुगतनं घेतला न्हाई. बसमधी तो पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला, निकिता मागं. पोखर्णी आली तवा उतरताना एवढंच म्हणला, "खोटं बोल म्हणलो नव्हतो मी. एकशेपाच नव्हते, असं तरी तुला कुठं माहिती होतं?"

आज सोमवार. आठ दिवस झाले, दोघं एका बाकावर बसतेत अन् एकमेकांशी बोलत न्हाईत. अर्धा वर्ग म्हणतो, निकितानं सुगतचं राज्य घालवलं. अर्धा म्हणतो, बरोबर केलं. कस्तुराबाई तर तिच्यावर लयच रागावलेली, म्हणती, मला हिनं चारचौघांत परकी केलं.

अन् मी? मला तर त्याचं बी पटतं अन् तिचं बी. रोज बदलतं. म्हणून तुला सांगायली. आता बोल, आता तोंड उघड. मॅडम समोर उभ्या हायेत, पेन कागदावर टेकलंय, चहा कितव्या गुंडाळीला आला तुला आठवत न्हाई, अन् राज्य एका ‘हो’वर हाय. तू असतीस तर काय म्हणली असतीस, पिंके?